सात नंबरच्या होडीचं वजन

मी काटा बोलतोय. वजनाचा काटा. लगेच कपाळाला आठ्या घालू नका, आधी ऐकून घ्या.

आमचा बारामती-इंदापूरचा भाग उसाचा. इथं काट्याला फार वाईट नाव. वर्ष-दीड वर्ष पोसलेला ऊस ट्रॉलीत भरून माणसं काट्यावर नेतात, काचेमागचा आकडा बघतात आणि घरी आल्यावर चहाचा कप हातात घ्यायच्या आधी म्हणतात, "काटा मारला." कधी ते खरं असेल, कधी नसेल, पण म्हणायचं ते म्हणायचंच. आता तो जमिनीत बसवलेला, वीस-वीस टन अंगावर घेणारा काटा वेगळा आणि मी वेगळा. मी पन्नास किलोचा, टांगायचा ताणकाटा. वर कडी, खाली हूक, पोटात स्प्रिंग, तोंडावर गोल तबकडी आणि तिच्यावर शंभर-शंभर ग्रॅमच्या बारीक रेघा. तरी त्या थोरल्याच्या वाटच्या शिव्या मला बसतात. आडनाव एक असलं की असं होतं.

माझा स्वभाव जरा चिडका आहे, हेही सांगून टाकतो. ज्याच्या पोटात स्प्रिंग आहे तो शांत कसा असणार?

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माणसांच्या बाळाला मधाचं बोट लावतात, मला दहा किलोचं लोखंड लावलं. मी दहा दाखवले. मग वीस लावले, मी वीस दाखवले. पन्नासापर्यंत एकदाही चुकलो नाही. तेव्हा पाठीवर सरकारी शिक्का बसला, आणि त्या दिवसापासून मी स्वतःला सत्यवचनी समजत आलो. त्याचा मला गर्व होता. होता म्हणतोय, हे लक्षात ठेवा.

पहिली अकरा वर्षं मी उजनीच्या काठी मासळीच्या लिलावात काढली. पहाट फुटली की ओल्या पाट्या यायच्या. चिलापी, कटला, कधी एखादा मरळ. पाटी माझ्या हुकाला लागायची, मी आकडा सांगायचो, आणि मासे आणणारा म्हणायचा, "कमी दाखवतोय ह्यो." तीच पाटी विकत घेणारा म्हणायचा, "जास्त दाखवतोय ह्यो." दोघांचं एकाच वेळी खरं कसं असेल, याचा विचार कुणी करत नसे. मी मात्र रोज मनाला लावून घ्यायचो. पुढे तिथं लाल आकड्यांचा विजेवरचा काटा आला. तो आल्यावर माणसं त्याच्यावर ओरडू लागली आणि मला एका खोक्यात टाकलं. खरं सांगतो, शिव्या नकोशा वाटायच्या, पण खोक्यातली शांतता त्याहून वाईट होती.

त्या खोक्यातून मला बाहेर काढलं लखननं. लखन हा लिलाव चालवणाऱ्या मासळीवाल्याचा भाचा. उजनीच्या पाण्यावर एक नवा क्लब निघाला होता, शिडाच्या होड्यांचा, तिथं तो कामाला लागला होता आणि होड्या तोलायला मला घेऊन गेला. पत्र्याची एक शेड, समोर पाणी, आणि लहान मुलांच्या शर्यतीच्या एकूण आठ होड्या. नौदलातून निवृत्त होऊन इंदापूरला परत आलेले विजयसिंह हे त्या क्लबचे सेक्रेटरी. गावातल्या लोकांनी सुरुवातीला त्यांची खूप चेष्टा केली. "इंजान न्हाय, वल्हं न्हाय, मग वारं पडलं तर पोरं काय तितंच मुक्काम करणार का?" असं एकानं विचारलं होतं. विजयसिंहांनी त्याच्याच नातवाला होडीत बसवलं. महिन्याभरानं तो माणूस इतरांना वाऱ्याची दिशा समजावून सांगू लागला.

आता या होड्यांची गंमत नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. होडी चिमुकली, नाक चपटं, एक डोलकाठी, एक शीड आणि आत एकच पोर. नियम असा की सगळ्या होड्या अगदी एकसारख्या पाहिजेत. लांबी, रुंदी, शिडाचं माप, काठीची जाडी, सगळं ठरलेलं. वजन पस्तीस किलोच्या खाली चालत नाही, कारण हलकी होडी जास्त पळते. कमी भरली तर तेवढ्या वजनाची शिशाची पट्टी आत स्क्रूनं बसवायची. जास्त भरली तर कुणी अडवत नाही, फक्त तुमची होडी मागं राहते. हा सगळा खटाटोप कशासाठी? तर जे पोर जिंकेल ते स्वतःच्या हुशारीनं जिंकावं, बापानं घेऊन दिलेल्या होडीच्या जोरावर नाही.

हे सगळं मोजायला बारामतीहून संजीवनीबाई यायच्या. मूळच्या लोणी भापकरच्या, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायच्या, आणि होड्या मोजण्याचं रीतसर प्रशिक्षण घेऊन आलेल्या. पहिल्या वर्षी, फेब्रुवारीत, त्यांनी मला हात लावायच्या आधी कॉलेजातली वजनं आणून मला तपासलं. पाच, दहा, वीस, पस्तीस. मी एकही रेघ चुकलो नाही. "छान आहे हा," असं त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत मला छान म्हणणारी ती पहिली बाई. त्यांच्यासाठी मी काहीही उचललं असतं.

त्याच दिवशी सणसरचे सर्जेरावआबा सात नंबरची होडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून घेऊन आले. होडी त्यांची नात श्रेया हिची. श्रेया बारा वर्षांची, बोलायला कमी आणि वाऱ्यात धीट. आबांबरोबर त्यांच्या कारभारीण द्वारकाबाई होत्या, आणि ट्रॉलीत होडीभोवती गव्हाच्या काडाची गादी होती. होडी माझ्या हुकाला लागली आणि माझ्या पोटात कळ आली. बाकीच्या सात होड्या पस्तीस ते साडेपस्तीसमध्ये बसल्या होत्या. ही बेचाळीस किलो तीनशे ग्रॅम भरली.

"किती झालं?" आबांनी विचारलं.

"बेचाळीस तीनशे," बाई म्हणाल्या.

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "आन बाकीच्यांच्या?"

"पस्तीसच्या आसपास."

"म्हंजी सात किलोनं आपून म्होरं!" आबा द्वारकाबाईंकडे वळून म्हणाले. "तुला म्हणलं न्हवतं, वजनात आपल्याला कुणी हाणणार न्हाय."

जन्मभर ऊस घातलेल्या माणसाला वजन जास्त भरणं वाईट असतं, हे कुठून ठाऊक असणार? बाईंनी आधी पाठवलेल्या पत्रात "किमान वजन भरलं पाहिजे" असं लिहिलं होतं. आबांनी ते वाचलं आणि भरवलं. बुडाला बोटभर पुट्टी, तिच्यावर ट्रॅक्टरच्या लाल रंगाचे चार हात, नाकाला लोखंडी पट्टी, आणि बसायच्या फळीखाली आणखी एक फळी, का तर "पोरगी आवघडू न्हाय".

बाई हसल्या नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, "आबा, पस्तीसच्या वर जेवढं आहे तेवढं सगळं ओझं. बाकीची पोरं मोकळी पळणार आणि श्रेया पाठीवर सात किलोचं पोतं घेऊन पळणार."

आबांचा चेहरा पडला. त्यांनी होडीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. "आन पोरी, तू का बोलली न्हाईस मग?"

"तुमी एवढं मन लावून रंगवत हुता," श्रेया म्हणाली.

त्या वर्षी श्रेया शेवटून पहिली आली. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं नाही, पण ट्रॉलीवर येणाऱ्या माणसांकडून सगळं कानावर आलं. सर्जेरावांच्या अंगणात होडी पालथी पडली आणि घरातली झाडून सगळी माणसं खुरपी घेऊन तिच्याभोवती बसली. मेथीत बसावं तशी. द्वारकाबाई पुढे, त्यांच्या मागं सुना, कधी शेजारच्या बायका. हलक्या हातानं रंग खरवडायचा, पुट्टी काढायची, आणि चार दिवसांनी होडी उचलून गावच्या दूध डेअरीच्या काट्यावर न्यायची. दूध घालायला आलेली माणसं किटल्या घेऊन मागं ताटकळायची. "आवो सर्जेराव, होडीला फॅट किती लागलं?" असं कुणीतरी ओरडायचं. आबा तिकडं लक्ष द्यायचे नाहीत. एकोणचाळीस झाले, अडतीस झाले, छत्तीस झाले. शेवटचे शंभर-शंभर ग्रॅम काढायला दोन-दोन दिवस लागले. डिसेंबरात डेअरीच्या काट्यानं पस्तीस किलो शंभर ग्रॅम दाखवलं तेव्हा द्वारकाबाई खुरपं खाली ठेवून म्हणाल्या, "आता बास. आणखी खुरपलं तर भोक पडंल."

इकडे माझं काय चाललं होतं तेही सांगतो. पावसाळ्यात होड्या बंद. लखननं दोरखंडानं भरलेली एक गोणी माझ्या हुकाला अडकवून ठेवली, खुंटीला पिशवी अडकवावी तशी. काढू म्हणता म्हणता चार महिने गेले. दिवाळीनंतर त्यानं ती काढली, तर माझी सुई शून्यावर येईना. जरा पुढंच उभी राहायची. माझ्या डोक्यावर एक स्क्रू आहे, तो पिळला की सुई मागं येते. लखननं तो पिळला आणि सुई शून्यावर आली. मग त्यानं आणखी एक आटा दिला. आमच्याकडे ही रीतच आहे. नट बसला म्हटल्यावर आणखी एक आटा द्यायचा, पाइपलाइन गळू नये म्हणून, चाक निखळू नये म्हणून. मला उलट बरं वाटलं. शून्यापाशी एक बारीक खिळा आहे, त्याला सुई टेकून ताठ उभी राहिली. अंग आवळून बांधल्यासारखं झालं आणि मी पुन्हा तरुण झालो, असं मी समजलो.

जानेवारीत निवड शर्यत आली. आठ होड्यांतून पहिल्या तिघांना राज्याच्या शर्यतीला पाठवायचं होतं. शर्यत रविवारी, मोजणी शनिवारी. शीड अंथरून मोजायला सपाट, स्वच्छ फरशी लागते, आणि तशी फरशी आमच्या भागात एकाच ठिकाणी मिळते, मंगल कार्यालयात. मॅनेजरनं किल्ली देताना सांगितलं, "पाचला हळद हाय. पाच म्हंजी पाच." मांडवाच्या लोखंडी तुळईला मला टांगलं. खाली फरशीवर शिडं पसरली होती. सकाळी नवरीच्या दोन मावश्या जागा बघायला आल्या आणि शिडांकडे बघून म्हणाल्या, "पडदं लईच पांढरं झालं. वाईच रंगीत लावा की."

संजीवनीबाई घाईत आल्या होत्या. कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा चालू, वजनं कपाटात, आणि कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या शिपायाच्या खिशात. त्यांनी माझ्याकडे एकदा निरखून पाहिलं. सुई शून्यावर होती. "गेल्या वर्षी बरोबर होता," असं पुटपुटून त्या कामाला लागल्या. टेपनं लांबी, मग काठी, मग शीड, आणि शेवटी मी. दुपारी तीनपर्यंत सात होड्या झाल्या. त्यातल्या पाच पस्तीसच्या खाली भरल्या. बाईंनी प्रत्येकीत हिशेबानं शिसं बसवलं, वर शिक्का मारला, कागदावर सही केली. विजयसिंह म्हणाले, "उन्हात सुकल्या असतील होड्या." मलाही ते पटलं. आपण चुकत असू, ही शंका मला शिवलीसुद्धा नाही.

मग सात नंबर आली. अंगावर रंगाचा कपटा नाही, पांढरी स्वच्छ, जागोजागी खुरप्याचे बारीक ओरखडे. ती हुकाला लागली आणि मी मनापासून सांगितलं, "चौतीस किलो सातशे."

बाईंनी आकडा लिहिला. "तीनशे ग्रॅम शिसं लागेल."

"कितीचं काय?" आबा पुढं आले. "बाई, पस्तीस शंभर हाय ही. परवा डेअरीच्या काट्यावर बघूनशान आलोय."

"इथं चौतीस सातशे येतंय आबा."

आबांनी माझ्याकडे बोट केलं. चाळीस वर्षांचा राग त्या बोटात होता. "काटा मारला!"

मी हललो. हुकाला होडी होती म्हणून, नाहीतर खाली उडी मारली असती. अकरा वर्षं मासळीवाल्यांचं ऐकून घेतलं, ते अडाणी म्हणून सोडून दिलं. पण ज्या बाईंनी मला छान म्हटलं त्यांच्यासमोर हे?

"आबा, लावू द्या की," श्रेया म्हणाली. "तीनशे ग्रॅमनं काय हुतंय?"

"तीनशे गिराम म्हंजी तुज्या आज्जीनं सा दिस खुरपलंय ते. मी शिसं लावू देणार न्हाय."

द्वारकाबाई आबांना म्हणाल्या, "लावा म्हणं. म्होरल्या साली तुमीच खुरपा."

विजयसिंह मध्ये पडले. "सर्जेराव, मोजणाऱ्याचा निर्णय शेवटचा असतो. शिसं नाही तर सही नाही, सही नाही तर उद्या होडी पाण्यात नाही. हट्ट सोडा."

 श्रेया होडीला टेकून उभी राहिली आणि शिडाची दोरी बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. वर्षभर तिनं उद्याच्या दिवसाची वाट पाहिली होती. आबांना ते दिसत होतं. त्यांचा आवाज खाली आला, पण ते सरले नाहीत.

"बाई, एक इचारतो. गेल्या साली ह्याच सात होड्या पस्तीसच्या वर भरल्या हुत्या. औंदा पाच एकदम कशा वाळल्या? म्या ऊस वाळल्याला बघितलाय. पलास्टिक वाळल्यालं बघितलं न्हाय."

बाईंचा पेन थांबला. त्यांनी गेल्या वर्षीचा कागद काढला, या वर्षीचा शेजारी ठेवला, आणि वरून खाली बोट फिरवत गेल्या. विजयसिंह हळूच म्हणाले, "सात सह्या झाल्यात. आता हे उकरू नका. साडेतीन वाजलेत."

बाईंनी मान वर केली. "लखन, शिक्क्याची लोखंडी वजनं कुणाकडे मिळतील? आबा म्हणतात ते तपासून बघू."

हे ऐकून मला आनंद झाला. खरंच सांगतो. आता होऊन जाऊ दे, असं म्हटलं. एकदाचं सगळ्यांसमोर सिद्ध होईल आणि सर्जेरावांना तोंड लपवायला जागा उरणार नाही.

विजेच्या काट्यांच्या दिवसात लोखंडी वजनं कोण ठेवतो? लखन मोटरसायकलवर गाव पालथं घालून आला. शेवटी कांद्याच्या एका जुन्या अडतीवर दाराला टेकण म्हणून लावलेली वजनं मिळाली. बाईंनी एकेकावरचा शिक्का पाहिला. एक वीसचं, एक दहाचं, एक पाचचं. तोवर सव्वाचार झाले होते. नवरीकडची मंडळी टेम्पोतून उतरू लागली होती. मॅनेजर येरझाऱ्या घालत होता. वजनांच्या कड्यांतून तार ओवून बाईंनी तिन्ही एकदम माझ्या हुकाला लावली. आजूबाजूला हळदीच्या बायका, होड्यांची पोरं, त्यांचे आईबाप, आचारी, सगळे मान वर करून बघत होते.

पस्तीस किलो लोखंड. शंकेला जागाच नाही. माझी सुई निघाली, वीस गेले, तीस गेले, आणि चौतीस सहाशेवर थांबली.

मी जोर लावला. कळ काढली. चार रेघांचाच प्रश्न होता. पण सुई जागची हलेना. पन्नास माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि माझ्या तोंडावर माझं खोटं लिहिलेलं होतं.

"चारशे ग्रॅम कमी दाखवतोय," बाई म्हणाल्या.

लखन डोकं खाजवत पुढं आला. "म्याडम, माझंच चुकलं. शून्यावर आनला हुता, मग वाईच आणखी पिळला. ढिला पडू न्हाय म्हणून."

म्हणजे सुई शून्यावर दिसत होती, पण ती खिळ्याला टेकलेली होती. माझं खरं शून्य कधीच मागं गेलं होतं, आणि ते मला कळलंही नव्हतं. मी इतका वेळ ज्या ताठपणाला तारुण्य समजत होतो तो एक जास्तीचा आटा होता. लाज वाटली. फार लाज वाटली.

बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चूक लखनची नाही, माझी आहे. वजनं लावल्याशिवाय मी काटा वापरायला नको होता. सातही होड्या परत मोजायच्या."

आता आबा नाचतील, फेटा उडवतील, मला शिव्या घालतील, असं सगळ्यांना वाटलं. मीही तयारी ठेवली होती. आबा मागच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले.  मग उपरण्यानं डोळे पुसून म्हणाले, "बाई, चाळीस वर्सं मी काट्याला बोलतोय. माजा बा बी बोलायचा. कुणी आयकून घेटलं, कुणी हसलं, कुणी हाकललं. पर तपासून बघू, आसं म्हणणारं मानूस मला आज पयल्यांदा भेटलं."

मग थोडं थांबून ते म्हणाले, "आन आता माजी पंचाईत झाली. भांडू कुणाशी?"

सगळे हसले. संजीवनीबाईही हसल्या आणि हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला.

लखननं स्क्रू ढिला केला. बाईंनी पाच लावले, पंधरा लावले, पस्तीस लावले, आणि सुई रेघेवर बरोबर बसेपर्यंत माझी पाठ सोडली नाही. मग आठही होड्या पुन्हा माझ्या हुकाला लागल्या. पाच होड्यांतलं शिसं उचकटून काढलं, कारण त्या पाचही मुळात पस्तीसच्या वर होत्या. पाच वाजून गेले. एका बाजूला पाटावर नवरी, दुसऱ्या बाजूला माझ्या हुकाला होड्या. द्वारकाबाई हळदीच्या बायकांत जाऊन उभ्या राहिल्या. "आक्कांनो, दमानं घ्या. जरा वजन खरं व्हाया लागलंय, मग समदं तुमचंच हाय." बायकांनीही मग होड्या धरायला हात लावले. त्या गडबडीत कुणाचं तरी बोट माझ्या काचेला लागलं. बारा किलोच्या रेघेपाशी हळदीचा तो डाग अजून आहे. लखन पुसायला गेला होता, बाईंनी पुसू दिला नाही.

सात नंबर भरली पस्तीस किलो शंभर. डेअरीचा काटा बरोबर होता. त्या लाल आकडेवाल्यांबद्दल मी पूर्वी जे काही बोललो असेन ते मागं घेतो.

रविवारी वारं चांगलं होतं. मला काठावरच्या शेडमध्ये टांगलं होतं, तिथून सगळं दिसत होतं. श्रेया सुरुवातीला दुसरी होती. दुसऱ्या बोयाला, म्हणजे वळायच्या तरंगत्या खुणेपाशी, दोन होड्या तिच्या पुढं निघाल्या. शेवटच्या टप्प्यात तिनं जीव तोडून होडी आणली आणि तिसऱ्या होडीच्या अर्ध्या लांबीनं मागं राहिली. चौथी. निवड तिघांची.

सगळ्या काठाचं लक्ष आबांकडे गेलं. विजयसिंह तर दोन पावलं मागं सरले. आता वाऱ्यावर येणार, झेंडा दाखवणाऱ्यावर येणार, निदान माझ्यावर तरी येणारच, असं मला वाटत होतं. शेजारच्या गावचा एकजण त्यांच्या कानाला लागलाही, "सर्जेराव, कायतरी घोळ हाय बगा ह्यात."

"घोळ न्हाय," आबा म्हणाले. "समद्यांचं वजन माज्याम्होरं झालंय. पोरगी चवथी आली म्हंजी चवथीच आली."

ते पाण्यात गुडघाभर उतरले आणि सात नंबरचं चपटं नाक हातांनी धरलं. श्रेया आत बसून रडत होती.

"कुठं कमी पडलीस गं?"

"दुसऱ्या बोयाला लवकर वळले," ती नाक पुसत म्हणाली.

"मग म्होरल्या साली उशिरा वळ," आबा म्हणाले, आणि होडी ओढत काठावर घेऊन आले.

मी तेव्हा आबांकडे बघत राहिलो. जन्मभर ज्यानं काट्याला शिव्या दिल्या तो माणूस त्या दिवशी हरला आणि काट्याला एक शब्द बोलला नाही. माझ्या पाठीवरच्या शिक्क्यानं मला इतका मान कधी दिला नव्हता.

आता मी क्लबच्या शेडमध्ये असतो. माझ्या हुकाला काही अडकवायचं नाही, असं लखननं खडूनं भिंतीवर लिहिलंय. मोजणीच्या दिवशी आबा सणसरहून लवकर येतात, अडतीवरची ती तिन्ही वजनं आता त्यांनी मागून आणून जपून ठेवली आहेत, आणि सगळ्यांच्या देखत आधी माझी परीक्षा घेतात. पहिल्यांदा अपमान वाटला होता. आता वजनं यायला उशीर झाला तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

वाचकहो, माझी एकच विनंती आहे. मला खोटा म्हणा, खुशाल म्हणा, मी रागावणार नाही. निदान फार रागावणार नाही. फक्त म्हणून झालं की घरी निघून जाऊ नका. वजनं घेऊन या.